मेमरी महागली, आता कॉम्प्युटरचे काय बदलावे?

३ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील मायक्रॉन कंपनीने एक घोषणा केली. घरगुती गिऱ्हाइकांना ‘क्रुशल’ या नावाने मेमरी विकण्याचा आपला जवळजवळ तीस वर्षांचा धंदा ती बंद करणार होती. कारणही तिने लपविले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला एवढी मागणी आली आहे की, मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरविण्यासाठी छोट्यांना सोडावे लागत आहे.

ही बातमी आपल्या बेटावर कितीजणांच्या नजरेस पडली असेल, कोण जाणे. पण ती आपल्या घरापर्यंत पोहोचली आहे, हे नक्की. आपल्याकडे डिसेंबर महिना म्हणजे तेराव्या पगाराचा महिना. परीक्षा संपलेल्या असतात, शाळांना सुट्टी असते, आणि घरात पंधरा-अठरा वर्षांचे मूल असेल तर त्याची मागणी ठरलेली असते : कॉम्प्युटर जुना झाला, खेळ नीट चालत नाहीत, मित्राकडे ‘फोर-के’ आहे, आपल्याकडेही हवे. पूर्वी सायकल मागत, मग टीव्ही गेम मागू लागले, आता ग्राफिक्स कार्ड मागतात. आईवडिलांना त्यातले फार कळत नाही, दुकानदाराला मात्र चांगले कळते. म्हणून हा विषय आज या पानावर घेतला आहे. तो मुलांच्या खेळाचा वाटला तरी आपल्या वर्षाच्या बचतीचाही आहे.

आधी भाव का चढले ते पाहू. कॉम्प्युटरच्या चालू मेमरीला, म्हणजे रॅमला, लागणारी चिप जगात मुख्यत्वे तीनच कंपन्या बनवितात : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग व एस. के. हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या यंत्रांना एका वेगळ्या जातीची मेमरी लागते. तीत चिपा एकीवर एक रचून मनोरा केलेला असतो. खुद्द मायक्रॉनने सांगितल्याप्रमाणे या जातीची मेमरी बनविताना, साध्या मेमरीच्या मानाने तेवढ्याच क्षमतेसाठी सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. कारखाना तोच, चकत्या त्याच. उसाच्या शेतात एक सरी जास्त लावली की भाजीची एक सरी कमी होते, तसाच हा हिशोब आहे.

त्यात १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपन-ए-आय या कंपनीने सॅमसंग व हायनिक्स यांच्याशी इरादापत्रे केली. त्यांत महिन्याला नऊ लाख सिलिकॉन चकत्यांपर्यंतचे लक्ष्य सांगितले गेले. लक्ष्य म्हणजे खरेदी नव्हे, हे खरे; पण बाजार लक्ष्य ऐकूनच हलतो. २०२५ च्या मध्याला अमेरिकेत सुमारे शंभर डॉलरला मिळणारी ३२ जीबीची नव्या जातीची, म्हणजे डी. डी. आर. ५ रॅमची जोडी वर्ष संपेपर्यंत तिपटीच्याही वर गेली. त्याच ओढीत जुन्या डी. डी. आर. ४ चे भाव वाढले, एस. एस. डी. डिस्कही वाढल्या. हा ओघ काही फक्त अमेरिकेकडेच जातो असे नाही. आपल्या पूर्वजांच्या कोकणाजवळच, नवी मुंबईच्या ऐरोली-महापे भागात, अशा डेटा सेंटरांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. यंत्रे तिथे रात्रंदिवस चालतात आणि मेमरी मागत राहतात.

अशी महागाई पहिलीच नव्हे. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२० ते २०२२ या काळात आभासी चलन ‘खणणाऱ्यां’नी ग्राफिक्स कार्डे पोत्याने उचलली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली, खणण्याचे काम थांबले, आणि तीच कार्डे सेकंडहॅण्ड बाजारात आली. ज्यांनी थोडा धीर धरला त्यांना स्वस्त मिळाली. या वेळी मात्र तसे पटकन होईल असे मला वाटत नाही. तेव्हा गिऱ्हाईक तेच कार्ड विकत घेत होता आणि नको झाल्यावर विकत होता. आता मुळात कारखान्याची जागाच दुसऱ्या मालाला दिली गेली आहे. डेटा सेंटरातला मेमरीचा मनोरा उद्या नको झाला, तरी तो आपल्या कॉम्प्युटरमध्ये बसणार नाही. नवा कारखाना उभा राहून माल द्यायला काही वर्षे लागतात.

आणखी एक आकडा पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एनव्हिडिया ही ग्राफिक्स कार्डांची सर्वांत मोठी कंपनी. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या वर्षात तिच्या सुमारे २६.९ अब्ज डॉलरच्या विक्रीपैकी जवळजवळ १२.५ अब्ज डॉलर खेळणाऱ्या गिऱ्हाइकांकडून आले होते. म्हणजे शंभरातले सेहेचाळीस. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण विक्री १३०.५ अब्जांवर गेली आणि खेळांचा वाटा ११.४ अब्जांच्या आसपास राहिला. शंभरातले नऊसुद्धा नाहीत. तीन वर्षांपूर्वी जो गिऱ्हाईक दुकानाचा अर्धा आधार होता, तो आता कोपऱ्यात उभा आहे. त्या कोपऱ्यातल्या रांगेतही आपले बेट शेवटी. माल जहाजाने किंवा विमानाने येणार, त्यावर वाहतूक, दुकानदाराचा नफा, आणि वर १५ टक्के व्हॅट.

आता घरातला प्रश्न. मुलाला हवे आहे ‘फोर-के’. हे फोर-के म्हणजे काय, ते गणिताच्या भाषेत सांगतो. शिक्षकाची सवय आहे, क्षमा असावी. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे २१ लाख. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. हे मी वर्गात दरवर्षी शिकवितो आणि दरवर्षी निम्मी मुले ‘दुप्पट’ असे उत्तर लिहितात. या दोहोंच्या मध्ये एक पडदा आहे, २५६० गुणिले १४४०, म्हणजे ३७ लाख ठिपक्यांचा. त्याच्याकडे पुढे येतो.

हे ठिपके रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. प्रोसेसरचे काम वेगळे. खेळात कोण कुठे धावला, गोळी कोणाला लागली, दार उघडले की नाही, हे तो ठरवितो. एक मुकादम, दुसरा रंगारी. भिंत चौपट मोठी झाली तर रंगाऱ्याचे काम चौपट होते; मुकादमाला ‘इथे निळा लाव’ एवढेच सांगायचे असते, आणि ते भिंत लहान असली तरी तेवढेच. म्हणून मोठ्या पडद्यावर खेळ अडखळतो तो बहुतेक वेळा कार्डामुळे. जुन्या प्रोसेसरची उणीव लहान पडद्यावर जास्त दिसते, फोर-केवर कमी.

यातूनच या लेखातला मुख्य मुद्दा निघतो. उच्च दर्जाच्या पडद्यासाठी करायची सुधारणा ही अशी एकच सुधारणा आहे की जिच्यात आज सर्वांत महाग झालेली वस्तू, म्हणजे नवी रॅम, सहसा लागतच नाही. पण दुकानात नेमके उलटे सांगितले जाते. माझ्या भाच्याला एका दुकानात यादी लिहून दिली गेली : नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, ३२ जीबीची डी. डी. आर. ५ रॅम, नवी डिस्क, नवे कार्ड. “मामा, सगळे एकदम बदलले नाही तर काही उपयोग नाही, असे म्हणतात ते,” असे तो मला सांगू लागला. मी त्याला विचारले, तुझा सध्याचा प्रोसेसर कोणता? ए. एम. डी. चा रायझन ५, ३६००. रॅम? डी. डी. आर. ४, १६ जीबी. कार्ड? सहा जीबीचे, २०१९ सालचे. मग बाळा, आजारी आहे तो रंगारी, आणि तू मुकादमासकट सारे घर बदलायला निघाला आहेस!

असे कॉम्प्युटर आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊन पुढे जाऊ.

पहिली गोष्ट पडद्याची. कार्ड निवडण्याआधी पडदा ठरवावा. लोक उलट करतात. मेजावर दोन हातांच्या अंतरावर बसून खेळायचे असेल तर २७ इंची, १४४० रेषांचा मॉनिटर माझ्या मते घरगुती माणसाला योग्य. नेहमीच्या पडद्याहून पावणेदोनपट ठिपके मिळतात, डोळ्यांना फरक स्पष्ट दिसतो, आणि कार्डावरचा भार फोर-केच्या निम्म्याहूनही कमी राहतो. बैठकीच्या खोलीत आधीच फोर-के टीव्ही असेल तर नव्या मॉनिटरचा खर्च वाचतो. त्या टीव्हीची एच. डी. एम. आय. जागा २.१ ची असेल तर सेकंदाला १२० चित्रे घेऊ शकते, २.० ची असेल तर फोर-केमध्ये ६०. गोष्टीचे, भटकंतीचे किंवा मोटारशर्यतीचे खेळ असतील तर साठ पुरेत. मात्र संध्याकाळी आजीची मालिका आणि नातवाचा खेळ एकाच टीव्हीवर आले, तर तो तंटा सोडविणारे कार्ड अजून कोणत्याच कंपनीने काढलेले नाही.

दुसरी गोष्ट कार्डाची, आणि पैसा घालायचा तो इथेच. कार्डावर स्वतःची मेमरी असते. मोठ्या पडद्यावर चित्रांचे कापड-भिंती-झाडे हे सारे तिच्यात मावावे लागते. ८ जीबीचे कार्ड फोर-केसाठी आज घेऊ नये. वेग कितीही असो, मेमरी भरली की खेळ धक्के खातो, आणि ही मेमरी मागाहून वाढविता येत नाही. किमान १६ जीबी धरावी. २०२५ साली आलेल्या कार्डांत ए. एम. डी. चे आर. एक्स. ९०६० एक्स. टी., १६ जीबीचे, अमेरिकेत ३४९ डॉलर अशा जाहीर किमतीने निघाले. एनव्हिडियाचे आर. टी. एक्स. ५०६० टी. आय., १६ जीबीचे, ४२९ डॉलरने निघाले. १४४० च्या पडद्याला दोन्ही चांगली. पण जुन्या मदरबोर्डवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट आहे. ५०६० टी. आय. हे मदरबोर्डाच्या सोळा मार्गिकांपैकी आठच वापरते. बी-४५० सारख्या जुन्या बोर्डावर प्रत्येक मार्गिका आधीच संथ असते, म्हणून तिथे या कार्डाचे थोडे नुकसान होते. ९०६० एक्स. टी. सोळाच्या सोळा वापरते. भाच्याचा बोर्ड बी-४५० च निघाला.

खरोखर फोर-केच हवे असेल तर पायरी वरची : ए. एम. डी. चे ९०७० एक्स. टी., जाहीर किंमत ५९९ डॉलर, किंवा एनव्हिडियाचे ५०७० टी. आय., ७४९ डॉलर; दोन्ही १६ जीबीची. डॉलरला ४५ रुपये धरले तर पहिल्याचे सुमारे २७ हजार आणि दुसऱ्याचे ३३-३४ हजार आपले रुपये होतात, आणि वाहतूक, नफा व व्हॅट त्यावर वेगळे. सर्वांत वरचे ५०९० हे १,९९९ डॉलरचे, म्हणजे नुसत्या मूळ किमतीत नव्वद हजार रुपये. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या देशातील किमान वेतन १६,५०० रुपये झाले. त्या मापाने साडेपाच महिन्यांची मजुरी एका खेळाच्या तुकड्यात. ज्याला परवडते त्याने घ्यावे, पण कर्जाच्या हप्त्यावर तर मुळीच घेऊ नये. या जाहीर किमती २०२५ सालच्या आरंभीच्या आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. कार्डावरची मेमरीही त्याच तीन कंपन्यांकडून येते, तेव्हा मेमरीचा ताप कार्डालाही चढणारच.

इथे मुलांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘फोर-के’ चालविण्यासाठी आता कार्डाला सगळे ८३ लाख ठिपके दर वेळी स्वतः रंगवावे लागत नाहीत. एनव्हिडियाची डी. एल. एस. एस. आणि ए. एम. डी. ची एफ. एस. आर. या पद्धतींत कार्ड कमी ठिपक्यांचे चित्र काढते आणि उरलेले हिशोबाने भरते. फोर-केवर ‘क्वालिटी’ हा पर्याय निवडला तर आतले चित्र १४४० चे असते, ‘परफॉर्मन्स’ निवडला तर १०८० चे. शुद्धतावाद्यांना हे पटत नाही. ते याला खोटे फोर-के म्हणतात. मी स्वतः भाच्याच्या शेजारी बसून दोन्ही पाहिली आणि चालत्या खेळात मला फरक सांगता आला नाही. ए. एम. डी. च्या या पद्धतीची चौथी आवृत्ती २०२५ च्या ९००० मालिकेच्या कार्डांसाठी आली. एनव्हिडियाच्या २०१८ नंतरच्या आर. टी. एक्स. कार्डांनाही डी. एल. एस. एस. चे नवे सुधारित गणित मिळाले आहे. म्हणून घरात असे जुने कार्ड असेल तर आधी हे फुकटचे औषध देऊन पाहावे. कदाचित एक वर्ष निघून जाईल.

फुकटाचे आणखी एक औषध. रॅमच्या पट्ट्या दोन आहेत की एक, ते पेटी उघडून पाहावे. आठ-आठच्या दोन पट्ट्या असतील तर उत्तम. मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये एक्स. एम. पी. किंवा डी. ओ. सी. पी. नावाचा पर्याय असतो. तो चालू नसेल तर विकत घेतलेली वेगवान रॅम मंद गतीनेच चालत राहते. कितीतरी घरांत तो पहिल्या दिवसापासून बंदच असतो. १६ जीबी बहुतेक खेळांना पुरते. ३२ असली तर आराम, पण आजच्या भावाने तो आराम विकत घेण्याची ही वेळ नव्हे.

प्रोसेसर बदलायचाच असेल तर त्याच ए. एम. ४ जागेत बसणारा रायझन ५००० मालिकेतील, वापरलेला का होईना, शोधावा. बायॉस अद्ययावत केले की जुना बोर्डही तो सहसा घेतो. म्हणजे बोर्ड वाचला, रॅम वाचली. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे कारण सांगून काही दुकाने नवा संच विकतात. पण रायझन ३६०० विंडोज ११ च्या यादीत बसतो. त्याहून फार जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा, त्यांना नवे घर लागेलच.

तिसरी गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही : पॉवर सप्लाय. ९०६० एक्स. टी. ला १६० वॅटच्या आसपास वीज लागते, जुना चांगला ५५० चा सप्लाय ती देऊ शकतो. ९०७० एक्स. टी. ३०४ वॅट मागते आणि कंपनी ७५० चा सप्लाय सुचविते. ५०९० मागते ५७५. एवढी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. क्युअरपिपला जुलैमध्ये ती कदाचित आवडेल. पोर्ट लुईला जानेवारीत दार-खिडक्या बंद करून खेळणाऱ्याला विचारा. रोज चार तास आणि सारे यंत्र मिळून अर्धा किलोवॅट धरले, तर महिन्याला साठ युनिट होतात, आणि आपले वीजबिल टप्प्याटप्प्याने चढत जाते. स्वस्त, नाव नसलेला सप्लाय घेऊन महाग कार्ड त्यावर लावणे तर वेडेपणाच. चक्रीवादळाच्या दिवसांत वीज जाते-येते, तेव्हा सर्वांत आधी मरतो तो हाच, आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातो. वादळाचा इशारा लागला की प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

एनव्हिडियाच्या वरच्या कार्डांना सोळा टोकांची एक छोटी वीजजोडणी असते. २०२२ मध्ये ४०९० च्या आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ५०९० च्या काही जोडण्या वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या. ती पूर्ण आत बसली आहे की नाही, हे पेटी बंद करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. दुकानदाराने बसविली असली तरी.

सेकंडहॅण्ड घ्यावे का? घ्यावे, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन, अर्धा तास खेळ चालवून, पंख्याचा आवाज ऐकून. २०२० च्या शेवटी आलेले ए. एम. डी. चे ६८०० एक्स. टी. हे १६ जीबीचे कार्ड १४४० साठी अजून दमदार आहे. समुद्राकाठच्या घरातून आलेल्या कार्डाचे धातूचे भाग गंजले आहेत का, ते बघावे. ब्लॅक रिव्हर आणि फ्लॅककडच्या वाचकांना खारी हवा काय करते ते सांगायला नको. नवे घेताना हमी बेटावरचे दुकान देणार की परदेशातला पुरवठादार, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी हमी नको. कार्डाची लांबी आपल्या पेटीत मावते का, तेही घरून टेप लावून मोजून जावे.

भाच्याचा हिशोब शेवटी असा झाला : ९०६० एक्स. टी., १६ जीबी, आणि २७ इंची १४४० चा मॉनिटर. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क, सप्लाय सारे जुनेच. फोर-के त्याला बैठकीच्या खोलीतील टीव्हीवर, एफ. एस. आर. च्या आधाराने, आजीची मालिका संपल्यावर. जुने सहा जीबीचे कार्ड त्याच्या धाकट्या बहिणीच्या कॉम्प्युटरमध्ये गेले. तिच्या यंत्रातून निघालेली ८ जीबीची डी. डी. आर. ४ पट्टी तो विकणार होता; ती मी ठेवून घ्यायला लावली आहे. मेमरीचे भाव असेच राहिले तर पुढच्या वर्षी तीच कोणाच्या तरी कामाला येईल.